ग्रंथेतिहास पडद्यावर किती शिकता येईल?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुस्तकांच्या आणि प्रकाशनव्यवसायाच्या इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्यांशी बोलताना एक समज हल्ली वारंवार कानी पडतो. जुने ग्रंथ आता संगणकावर पाहता येतात, तेव्हा हा विषय कोणत्याही ग्रंथसंग्रहात पाऊल न टाकता शिकता येईल, असा तो समज आहे. आयुष्याची बरीच वर्षे मुद्रितशोधनात घालवलेल्या माझ्यासारख्याला तो पटत नाही.

पडद्यावर दिसतो तो मजकूर, आणि तोही बहुधा एकाच प्रतीचा. हाताने खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवून छपाई होत असे त्या काळी छपाई सुरू असतानाच मध्ये थांबून चुका दुरुस्त केल्या जात. परंतु कागद महाग असल्यामुळे दुरुस्तीपूर्वी छापलेले ताव टाकून न देता तेही बांधणीत घेतले जात. परिणामी एकाच आवृत्तीच्या दोन प्रती शब्दशः जुळतीलच, याची खात्री नसते. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ साली निघालेला संग्रह हे याचे ठळक उदाहरण होय. चार्लटन हिनमन या अभ्यासकाने वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातील त्याच्या पन्नासहून अधिक प्रती ताडून पाहिल्या. त्यासाठी हिनमन यांनी तयार केलेल्या यंत्रात दोन प्रतींची तीच पाने आलटूनपालटून एकमेकांवर दिसत आणि जिथे फरक असे तिथे अक्षर थरथरल्यासारखे वाटे. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून कोणता फर्मा (कागदाच्या एका बाजूवर एकदम छापायच्या पानांची जुळणी) कोणत्या क्रमाने छापला गेला, खिळे जुळवणाऱ्या कोणत्या जुळाऱ्याने कोणती पाने जुळवली, इथपर्यंतचे तपशील मांडले गेले. जुळारी ओळखण्याची एक खूण त्यांच्या स्पेलिंगच्या सवयी ही होती, हे वाचून मुद्रितशोधकाला हसू आल्याशिवाय राहत नाही.

कागदाची साक्ष तर याहून बोलकी असते. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची एक पुस्तिका १८४७ साली छापलेली म्हणून संग्राहकांमध्ये चढ्या किमतीला विकली जात होती. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या ग्रंथविक्रेत्या अभ्यासकांनी १९३४ मध्ये दाखवून दिले की, तिच्या कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा आहे आणि १८४७ मध्ये इंग्लंडमध्ये असा कागद तयारच होत नव्हता. पुस्तिका बनावट ठरली आणि संशयाची सुई टॉमस वाईज या मान्यवर संग्राहकाकडे वळली. तिचे छायाचित्र कितीही स्पष्ट असते, तरी त्यात लगदा दिसला नसता.

अर्थात हा अभ्यास केवळ कागद आणि शाई यांच्यापाशी थांबत नाही. इतिहासकार रॉबर्ट डार्नटन यांनी १९८२ मध्ये लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांना जोडणारे एक वर्तुळ मांडले. त्यामागे स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथील अठराव्या शतकातल्या एका प्रकाशनसंस्थेच्या सुमारे पन्नास हजार पत्रांचा अनुभव होता. ग्रंथेतिहासाचे अभ्यासक डी. एफ. मॅकेंझी यांनी केंब्रिजच्या विद्यापीठीय छापखान्याचे जुने हिशेब वाचले, तेव्हा तिथे एकाच वेळी अनेक पुस्तकांचे काम चालत असल्याचे त्यांना आढळले. केवळ छापील पानांवरून छापखान्याच्या कामाचा वेग आणि क्रम ठरवणाऱ्या अभ्यासकांची बरीच गृहीतके त्यामुळे डळमळीत झाली. म्हणजे एकट्या पुस्तकावर विसंबणाराही फसतो.

पडद्याला माझा विरोध नाही. हजारो मैलांवरची प्रत त्यामुळेच तर पाहता येते. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने काही गोष्टी स्पष्टपणे विचारून घ्याव्यात. दुर्मीळ पुस्तके प्रत्यक्ष हाताळण्याचे तास अभ्यासक्रमात आहेत का? खिळे जुळवून निदान एक पान स्वतः छापायला मिळेल का? जुने हस्ताक्षर आणि व्यापारी वह्या वाचायला कोण शिकवणार? ज्या भाषेतील ग्रंथव्यवहाराचा अभ्यास करायचा, ती भाषा येत नसेल तर ती आधी शिकावी, हे तर वेगळे सांगायलाच नको.

ग्रंथालयांनाही एक विनंती आहे. विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकाला हात लावू नये, आणि लावलाच तर हातमोजे घालून, हा आग्रह अजून काही ठिकाणी दिसतो. वास्तविक कागदी पुस्तकासाठी स्वच्छ, कोरडे हातच अधिक सुरक्षित, असे अनेक मोठ्या ग्रंथालयांचे मत आहे, कारण मोज्यांमुळे बोटांना पानाच्या कडेचा नीट अंदाज येत नाही आणि पान फाटण्याची भीती वाढते.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक