वरातीच्या घोडीची दाढ पण बघा

मा. संपादक साहेब, स.न.

मागच्या आठवड्यात आपल्या नागपुरात मानेवाडा रोडवर एक वरात चालली होती, डीजे लाइटिंग सगळं जोरात, आणि घोडी सारखी मान झटकत होती, तोंड वासून एकाच बाजूला ओढत होती. घोडेवाला लगामाला हिसके देतोय आणि वऱ्हाडी म्हणतायत काय अडेल घोडी आणली बाप्पा. मी जवळ जाऊन बघितलं तर तिच्या लाळेच्या फेसात रक्त होतं. रात्रभर झोप नाही लागली मला.

माझे वडील टांगा चालवायचे, बर्डी ते इतवारी. एका उन्हाळ्यात आमची घोडी वाळत चालली, आम्हाला वाटलं ऊन सोसत नाही तिला, म्हणून चंदी वाढवली, हरभरा भिजवून घातला तरी बरगड्या मोजून घ्या अशा. शेवटी आईच्याच लक्षात आलं, सकाळी झाडताना दावणीखाली अर्धवट चावलेल्या गवताचे ओले लांबट गोळे सापडायचे आणि लिदीत हरभरे अख्खेच्या अख्खे. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं, वरच्या दाढेला सुरीसारखी धार आलेली आणि गाल आतून फाटलेला. कानशीने घासून दिलं, हळूहळू खायला लागली. तोवर आम्ही तिला आळशी म्हणून रागावत होतो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून बाहेर सरकत राहतात, वर्षाला साधारण 2-3 मिलिमीटर, आणि चावून चावून तेवढ्याच झिजतात. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते. त्यात कडियाळं, म्हणजे लगामाची तोंडातली लोखंडी कांब, ओढलं की गाल त्याच धारेवर दाबला जातो, मग जनावर मान झटकणार नाही तर काय करणार?

खाताना मान वाकडी करते, एकाच बाजूने चावते, तोंडाला घाण वास येतो, हे घोडेवाल्याला रोज दिसतं, फक्त तिकडे लक्ष पाहिजे. आणि एकाच नाकपुडीतून वास मारणारा शेंबूड येत असेल तर सर्दी समजून काढे पाजत बसू नका, वरच्या दाढेचं मूळ सडलं तरी तसं होतं. अडीच ते साडेचार वर्षांच्या शिंगराचे तर दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्याला वर्षातून दोनदा दाखवा, मोठ्याला एकदा तरी. घरी स्वतः कानस घेऊन बसू नका मात्र, त्याला तोंड उघडं ठेवायचं साधन लागतं, कधी गुंगीचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरांचंच काम.

आपल्याकडे सेमिनरी हिल्सला 1958 पासूनचं व्हेटरनरी कॉलेज आहे. कॉलेजने आणि पशुसंवर्धन विभागाने तुळशीच्या लग्नाआधी फुटाळा तलावावर एक दिवस घोड्यांच्या दातांचा कॅम्प घ्यावा, वरातीचे आणि तलावावरचे सगळे घोडे एकाच ठिकाणी बघून होतील. आणि लग्नघरच्यांनी घोडी ठरवताना रेट विचारता तसं दात कधी दाखवले तेही विचारा.

आपला,
एका टांगेवाल्याचा मुलगा, नागपूर