डब्यात थिजलेले तेल : मित्रास पत्र

इंदूर,
१२ जानेवारी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. बोर्निओच्या जंगलांविषयी वाचल्यापासून पामतेलाची एकही वस्तू घरात येऊ द्यायची नाही असे तू ठरवलेस, आणि मीही तसेच करावे असा आग्रह धरलास. तुझी तळमळ मला पटते. उपाय मात्र पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

परवाच्या थंडीत मी सियागंजात गेलो होतो. एका घाऊक दुकानात पंधरा किलोचा डबा उघडा होता आणि आतले तेल तुपासारखे पांढरे थिजले होते. पामोलीन आहे, म्हणजे पामतेलच, ऊन लागले की मोकळे होईल, असे सांगत दुकानदाराने डबा उन्हात सरकवला. हे कुठल्या मळ्यातले, असे मी विचारले तेव्हा त्याने पावतीच पुढे केली. तिच्यावर वजन होते, भाव होता. बाकी काही नव्हते.

पामतेल देणारा तेलताड हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतले झाड. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावर बोगोरच्या उद्यानात लावली गेली, आणि आज जगातले सुमारे ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया व मलेशियातून येते. त्यासाठी सुमात्रा आणि बोर्निओत आधी मोलाचे लाकूड काढून नेले, उरलेले रान पेटवले आणि मोकळ्या जमिनीवर एकाच जातीची झाडे रांगेत उभी केली. ओरांगउटान या वानराला या दोन बेटांखेरीज जगात दुसरे रान नाही, हे तू लिहिलेच आहेस. मला त्याहूनही अस्वस्थ करते ती तिथली दलदल. हजारो वर्षे पानाफांद्या पाण्याखाली पुरत्या न कुजता साचत गेल्या आणि त्यांचे थर कित्येक मीटर खोल झाले. मळ्यासाठी चर खणून पाणी काढून टाकले की तो सगळा थर वाळून सरपण होतो, आणि एकदा पेटला की जमिनीच्या पोटात आठवडेच्या आठवडे धुमसतो. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन होरपळली, त्यातला मोठा भाग अशाच दलदलीचा होता. धुरामुळे सिंगापूर आणि मलेशियातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आता तुझ्या उपायाकडे येतो. तेलताडाच्या एका हेक्टरातून वर्षाला तीन-साडेतीन टन तेल निघते. आपल्या माळव्यात हेक्टरी टनभर सोयाबीन आले, तर त्याचे तेल दोनशे किलोच्या आसपासच भरते. सगळ्यांनी पामतेल सोडून सोयाबीनचे तेल धरले, तर तेवढ्याच तेलाला कितीतरी पट जमीन लागेल, आणि ब्राझीलमध्ये सोयाबीनपायीही जंगले तुटलीच आहेत. दोष झाडाचा नाही. ते कुठल्या जमिनीवर लावले, याचा आहे.

आणि तेच आपण विचारत नाही. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपला देश आहे. जंगल न तोडता पिकवलेल्या तेलाला प्रमाणपत्र देणारी संस्था २००४ पासून उभी आहे, तिच्यात उणिवा आहेत, तरी युरोपातले खरेदीदार ते प्रमाणपत्र मागतात. आपण फक्त भाव मागतो. २०२१ मध्ये सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान जाहीर केले. आंध्रात पूर्वीपासून पिकाखाली असलेल्या, पाण्याच्या जमिनीवर लागवड वाढणार असेल तर माझी हरकत नाही. पण त्या अभियानाचा विशेष भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे, हे वाचून मी फार व्यथित झालो. सुमात्राने जे गमावले, ते आपल्याकडे अजून उभे आहे.

म्हणून बहिष्काराऐवजी तुला एक विनंती करतो. बडोद्यात तुमच्या उपाहारगृहासाठी तेल मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. ते प्रमाणित मळ्यातले आहे का, हे पुरवठादाराला लेखी विचारायला लाव. मीही त्या दुकानदाराला सांगून आलो आहे की पुढच्या वेळी घाऊक व्यापाऱ्याकडून माहिती काढून ठेवा, मी परत येईन. काय उत्तर मिळते ते कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक