पूर्वग्रह म्हणे, पण कायम दुसऱ्याचेच

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पत्रांच्या पानावर 'लोक पूर्वग्रहातून बोलतात' ही तक्रार नेहमी असते, आणि गंमत अशी की हे 'लोक' म्हणजे पत्र लिहिणारा सोडून बाकी सगळे. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत हेच तपासलं होतं, लोकांना एकेक पूर्वग्रह समजावून सांगितला आणि विचारलं तुमच्यात हा किती, तर साधारण उत्तर एकच, इतरांपेक्षा कमी.

पण आपल्याला आपलं नेमकं काय दिसत नाही हे आपण कुठे वाढलो त्यावरही असतं, आणि त्याचा भारी पुरावा पेपरांतच सापडलाय. १९९१ मध्ये आयोवा विद्यापीठात एका चिनी विद्यार्थ्याने गोळीबार केला. मॉरिस आणि पेंग या संशोधकांनी त्याच्या बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, १९९४ मध्ये ते छापून आलं. न्यूयॉर्क टाइम्सचा भर त्याच्या स्वभावावर, म्हणजे रागीट, डोकं बिघडलेला वगैरे, तर अमेरिकेतच निघणाऱ्या चिनी पेपरचा भर परिस्थितीवर, गाईडशी बिनसलेलं, एकटा पडलेला, बंदूक सहज मिळते. घटना तीच आणि दोन्हीकडचे रिपोर्टर शपथेवर सांगतील की आम्ही फक्त घडलं ते लिहिलं!

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, बघा, पूर्वेकडचे लोकच समजूतदार. मला नाही पटत. सगळं परिस्थितीवर ढकललं की ज्याने केलं तो अलगद सुटतो, हाही पूर्वग्रहच झाला की, फक्त दिसायला सोज्वळ. आणि हे जन्मजात पण नाही, जोन मिलर यांनी १९८४ मध्ये अमेरिकन आणि म्हैसूरच्या लोकांची तुलना केली तर एखादा माणूस असा का वागला याची लहान मुलं दोन्हीकडची साधारण सारखीच कारणं देत होती, फरक वय वाढेल तसा वाढत गेला. म्हणजे शिकवलेलंच आहे, फक्त कुणी शिकवलं ते आठवत नाही. त्यात जिथे मोठ्यांना 'तुमचं चुकतंय' म्हणणं म्हणजे उद्धटपणा, तिथे त्यांना आरसा दाखवणार कोण? आणि जिथे प्रत्येक जण 'मी स्वतंत्र विचार करतो' म्हणतो तिथे तर आरशाची गरजच वाटत नाही.

म्हणून एक विनंती, गुन्ह्याच्या बातमीत 'माथेफिरू' किंवा 'परिस्थितीला कंटाळून' असं छापायच्या आधी ती कॉपी डेस्कवरच्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याचं तुमच्याशी सहसा पटत नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक