विश्वरचनाशास्त्र बीएस्सीच्या वर्गातच शिकवावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार विज्ञान पदवीच्या अभ्यासक्रमांची फेरमांडणी होत असताना त्यात विश्वरचनाशास्त्राला, म्हणजे संपूर्ण विश्वाची रचना आणि उत्क्रांती अभ्यासणाऱ्या शाखेला, कोणत्या स्वरूपात स्थान मिळावे, यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. तेथे मी पाहिले ते असे, की हा विषय एक तर ‘त्याला आइन्स्टाइनचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त लागतो’ म्हणून एमएस्सीवर ढकलला जातो, नाही तर विज्ञान दिनाच्या पाहुण्या व्याख्यानात रंगीत चित्रे दाखवून उरकला जातो. वास्तविक तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ या विषयात शिरण्याइतके गणित आणि भौतिकशास्त्र असते.

मुक्तिवेग, म्हणजे गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा किमान वेग, विद्यार्थी बारावीपर्यंत शिकून आलेला असतो. प्रसरण पावणाऱ्या धुळीच्या एका प्रचंड गोलाला तोच ऊर्जेचा हिशेब लावला, तर विश्वाच्या प्रसरणाचे फ्रीडमन समीकरण फळ्यावर एका तासात उभे राहते. मिल्न आणि मॅक्क्री यांनी हे 1934 मध्येच दाखवून दिले होते. त्यातून निघणारी क्रांतिक घनता, म्हणजे प्रसरण कायम चालू राहणे आणि पुन्हा आकुंचन होणे यांच्या सीमेवरची घनता, दर घनमीटरला हायड्रोजनचे जेमतेम पाच-सहा अणू एवढी भरते, हे स्वतः आकडेमोड करून काढलेला विद्यार्थी ती संख्या सहसा विसरत नाही. अर्थात, प्रारणाचा दाब किंवा कृष्ण ऊर्जा (प्रसरणाचा वेग वाढवणारी अज्ञात ऊर्जा) यांच्यापाशी न्यूटनचा हात सुटतो, आणि तो नेमका कोठे सुटतो हे शिक्षकाने स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

याहून मोलाचा मला खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा 1929 मधील, दीर्घिकांचे अंतर आणि दूर जाण्याचा वेग यांचा आलेख वाटतो. त्यात अंतरे माहीत असलेल्या अवघ्या 24 दीर्घिका आहेत. ते बिंदू ग्राफ पेपरवर मांडून त्यांतून सरळ रेषा काढायला सांगितले, की पहिली तक्रार येते ती ‘सर, हे बिंदू तर सगळे विखुरलेले आहेत’ अशी, आणि ती रास्त असते. रेषेचा चढ दर मेगापार्सेकला (सुमारे 32.6 लाख प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे 500 किलोमीटर येतो. त्याचा व्यस्त घेतला तर विश्वाचे वय दोन अब्ज वर्षांच्या आसपास निघते. पण आपल्या पृथ्वीचेच वय साडेचार अब्ज वर्षे आहे! लेकीचे वय आईपेक्षा जास्त कसे, हा प्रश्न वर्गात पडला की मग पुढचे सांगायला मजा येते. अंतरे मोजण्यासाठी वापरले जाणारे, तेज ठरावीक काळाने कमीजास्त होणारे सेफीड तारे दोन जातींचे असून त्यांच्या तेजस्वितेत फरक असतो, हे बाडे यांनी 1952 मध्ये जाहीर केले आणि दीर्घिकांची अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. पुढे आणखी दुरुस्त्या होत तो आकडा 70 च्या आसपास आला. तरीही प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून 67.4 आणि सेफीड व सुपरनोव्हांवरून सुमारे 73, असा पेच आजही आहे. पद्धतशीर त्रुटी म्हणजे काय, हे प्रात्यक्षिकाच्या वहीत ठरावीक दोन ओळी लिहून समजत नाही. या इतिहासातून समजते.

कृष्णिका प्रारणाचे, म्हणजे केवळ तापमानावर अवलंबून असणाऱ्या प्रारणाचे, तसेच आहे. पेन्झियास आणि विल्सन यांच्या 1965 च्या शोधातील, तप्त आरंभीच्या विश्वापासून उरलेल्या व सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाचे तापमान 2.725 केल्व्हिन आहे. तापमानावरून सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी देणारा वीनचा नियम लावला की ती तरंगलांबी सुमारे एक मिलिमीटर येते. मग विचारावे, हायड्रोजनचे आयनीभवन व्हायला 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणजे तापमान दीड लाख केल्व्हिनच्या वर हवे. तरीही विश्व 3000 केल्व्हिनपर्यंत थंड होईपर्यंत अणू का टिकले नाहीत? उत्तर असे, की दर प्रोटॉनमागे एक अब्जाहून अधिक फोटॉन होते आणि त्यांतले मोजके अतिऊर्जावान फोटॉनही अणू फोडायला पुरेसे होते. सांख्यिकीय भौतिकीच्या तासाला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी जपावी. विश्व अतितप्त, अतिघन अवस्थेतून प्रसरण पावत आले, या सिद्धान्ताला ‘बिग बँग’ हे नाव 1949 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी दिले आणि ते तर त्या सिद्धान्ताचे विरोधक! मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला आणि ‘स्फोट नेमका कोठे झाला?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला झाला. अवकाशच प्रसरण पावते, त्याला मध्य नाही, हे पहिल्याच तासाला सांगावे. हॉइल यांचे शिष्य, कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात 1988 मध्ये ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर हेदेखील अखेरपर्यंत या सिद्धान्तावर शंका घेत राहिले. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी तो का स्वीकारला आणि नारळीकरांचे आक्षेप काय होते, हे दोन्ही पुराव्यांसह वर्गात मांडले, तर विद्यार्थी श्रद्धेने किंवा अश्रद्धेने उत्तर देणार नाही.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना माझी सूचना अशी, की ऊष्मागतिकी व सांख्यिकीय भौतिकी झाल्यावर तिसऱ्या वर्षी या विषयाचा किमान एक श्रेयांक, म्हणजे साधारण 15 तासिका, भौतिकशास्त्राच्या मुख्य विषयातच ठेवावा. तो इतर शाखांसाठीच्या खुल्या ऐच्छिक विषयात गेला, तर गणित गळून पुन्हा चित्रेच उरतील. जोडीला हबल यांच्या आलेखाचे एक प्रात्यक्षिक असावे. त्यासाठी नवी उपकरणे घ्यावी लागणार नाहीत. ग्राफ पेपर, पट्टी आणि 24 दीर्घिकांचा तक्ता एवढ्यावर ते होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक,
जि. सातारा