बँक सखी ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या खरिपात माझ्या स्वतःच्या नावावर मिळालेले पीककर्ज मी मुदतीच्या आत फेडले आणि भरण्याची पावती हातात पडताच पहिली आठवण आपली झाली. शाखेतल्या कोपऱ्यात बसून आपण बचत गटांची पासबुके भरून देता, म्हणून लोकांना आपले काम तेवढेच वाटते. प्रत्यक्षात आपण काय केले ते चार जणांना कळावे, यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

यजमान गेले तेव्हा साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, तीत उभी असलेली पऱ्हाटी (कपाशी) आणि एक थकीत कर्ज एवढे मागे राहिले. पेरणी, निंदण, वेचणी ही कामे मी वीस वर्षे करीत होते. पण सातबाऱ्यावर नाव नसल्यामुळे बँकेच्या लेखी मी शेतकरी नव्हतेच. (2015-16 च्या कृषी गणनेत देशातील वहितीधारकांमध्ये, म्हणजे शेती चालवणारे म्हणून नोंदलेल्यांमध्ये, स्त्रिया सुमारे 14 टक्केच भरल्या. वेचणीच्या दिवसांत आमच्या शिवारात येऊन मोजले असते, तर आकडा उलटा आला असता.) दोन हंगाम मी सावकाराकडून महिना शेकडा पाच रुपयांनी पैसे उचलले.

आपण मला आधी कर्जाचा अर्ज दिला नाही, वारस नोंदीचा अर्ज लिहून घेतला, हे मला आज फार मोलाचे वाटते. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे दिले की नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, मंजूर करतात, हा सारा क्रम आपण माझ्या गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिला. दीर म्हणाले, मुलाचे एकट्याचे नाव लावा, हिचे कशाला. तेव्हा आपण घरी आलात, चहा घेतलात आणि आवाज न चढवता त्यांना सांगितलेत की, नवऱ्याच्या जमिनीत मुलामुलींइतकाच वाटा विधवेचाही असतो. दीर त्यावर काही बोलले नाहीत, पण प्रतिज्ञापत्रासाठी तहसीलला सोबत आले.

जुन्या कर्जाची बाकी गटाच्या अंतर्गत कर्जातून भरली आणि काही देणे उरले नसल्याचा बेबाकी दाखला मिळाला. पुढे एका अधिकाऱ्यांनी जमीन तारण ठेवा किंवा पुरुष जामीनदार आणा, असा आग्रह धरला. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, हे रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आपल्या पिशवीतच होते. मात्र ते आपण पुढे केले नाही, माझ्या हातात दिले आणि मलाच बोलायला लावले. त्या दिवशी मला आपला थोडा रागच आला होता, हेही येथे कबूल करते.

कर्ज 80 हजारांचे मिळाले. दर 7 टक्के, वेळेत फेडल्यास केंद्राची 3 टक्के सवलत आणि उरलेल्या व्याजावर राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची सवलत. सावकाराचा दर वर्षाला 60 टक्के पडत होता, हा हिशेबही मी आपल्याकडे बसूनच पहिल्यांदा मांडला. बियाणे आणि खत या वेळी मृगाच्या आधी घरात आले आणि कापूस व्यापाऱ्याला आगाऊ बांधून द्यावा लागला नाही. भाव पाहून जानेवारीत विकता आला.

वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आता गटातल्या तिघींकडे आहे. त्यांतली एक येत्या मंगळवारी आपल्याकडे येईल. तिचा सातबारा अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे आणि नवराही हयात नाही, तेव्हा वारस नोंदी दोन पिढ्यांच्या कराव्या लागतील. तलाठी कार्यालयात तिच्यासोबत मी जाईन. बँकेतले तेवढे आपण पाहावे, ही विनंती.

आपली नम्र,
गटातील एक शेतकरी भगिनी
जिल्हा यवतमाळ