मिरजेच्या चाचांना

आदरणीय चाचा,

सलाम. हे जाहीरपणे लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही 'चहा घे' म्हणून विषय बदलता.

नाझींच्या छळछावण्यांतल्या संगीतावर सांगलीत बोलायचं होतं म्हणून तुमच्याकडे तानपुरा मागायला आले. तुम्ही भोपळ्यावरचा हात न काढता विचारलंत, "पण कैद्यांकडं वाद्यं आली कुठनं?" हा प्रश्न कारागिरालाच पडणार. ऑशविट्झ या छावणीतली बरीच वाद्यं आगगाडीतून उतरलेल्या माणसांच्या हिसकावलेल्या सामानातली होती. त्यातली बहुतेक माणसं त्याच दिवशी गॅसकोठडीत गेली. माझं भाषण तिथूनच सुरू झालं.

मग अनिता लास्कर, तिथली एक कैदी मुलगी. १९४३ च्या अखेरीस ती तिथं पोचली. आल्मा रोझे या कैदी व्हायोलिनवादिकेच्या हाताखालच्या बायकांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, मेंडोलिन, अकॉर्डियन होतं, खालच्या सुरांचं वाद्य नव्हतं. ही चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ, वाजवणारी, म्हणून वाचली. तुम्ही घोडीवर जवारीचा दोरा सरकवत म्हणालात, "खर्जच नसला तर बाकीचे सूर टेकणार कशावर?" सभेत चेलो समजावत बसले नाही, तुमच्या तानपुऱ्याची खर्जाची तार छेडली. झालं काम.

आणि वाजवायचं काय, तर कवायतीच्या चाली! मजुरांच्या तुकड्या सकाळी फाटकातून बाहेर पडताना आणि संध्याकाळी परतताना. पावलं तालात पडली की मोजणी सोपी. संगीतानं धीर दिला हे ऐकायला आपल्याला आवडतं. टेरेझिन या नाझींच्या दुसऱ्या छावणीत ते खरंही होतं. राफाएल शेख्टर या कैदी संगीतकारानं एका प्रतीवरून दीडशे जणांकडून व्हर्दीचं 'रिक्वियम', म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, पाठ करून घेतलं, गायक ऑशविट्झला नेले की नवे जमवले. पण १९९४ ला रवांडातल्या वंशसंहारात रेडिओवर गाणी आणि द्वेषाचा प्रचार एकाच दमात चालायचा. ही बाजू सांगावी की नको, असं मी घोळवत होते. तुम्ही म्हणालात, "सांग की. वाद्य कुणाच्याबी हातात जातंय." सांगितलं. दोघंजण उठून गेले, जाऊ देत.

भाडं घेतलं नाहीत, वर रिक्षात तानपुरा धरायला नातवाला पाठवलंत. त्यानं सगळ्यांचे वडे संपवले, तेवढं कळवते.

अनितानं पुढं चेलो धरला का, असं विचारलं होतंत. धरला. १९४५ ला बर्गन-बेल्झन या दुसऱ्या छावणीतून सुटली, इंग्लंडला गेली आणि इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रात कैक वर्षं वाजवत राहिली. छावणीतला चेलो कुणी घडवला होता, तेही तुम्हाला हवंय. शोधतेय. सापडलं की दुकानात येते.

तुमची,
सांगलीची पोरगी