रेस अडकली तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचताना एका वाक्यापाशी थांबलो. हँडल डावीकडे वळवलं की मोटरसायकलची रेस आपोआप चढते, असं तू जाता जाता लिहिलंयस. ते किरकोळ नाही रे. त्यासाठीच लगेच लिहायला बसलो. पण आधी माझ्या गाडीचं सांगतो, म्हणजे मी जिथे फसलो तिथे तू फसणार नाहीस.

गेल्या महिन्यात वळणाच्या आधी रेसची मूठ सोडली आणि गाडी हळू होईना. क्लच दाबला तर भार निघून गेल्यामुळे इंजिन आणखीच ओरडायला लागलं. इग्निशन बंद केलं, ब्रेक लावत कडेला आलो. कितीतरी वेळ हात थरथरत होते. क्लच, लगेच इग्निशन आणि मग ब्रेक, हे आत्ताच मनात घोकून ठेव. तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही.

घरी येऊन सगळा संशय मुठीपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणाऱ्या केबलवर घेतला. नवी टाकली. मुठीतलं वाळून चिकट झालेलं ग्रीस रॉकेलनं धुऊन काढलं. दोष जसाच्या तसा. मग पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: इंजिनला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणाऱ्या कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडलं, स्लाइडची, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या भागाची, केबल सोडवली आणि नुसती स्लाइड बोटांनी तिच्या गोल पोकळीत, म्हणजे बोअरमध्ये, वर-खाली करून पाहिली. तिथेच अडकत होती.

कार्ब्युरेटर उतरवायला फ्लँजचे, म्हणजे तो इंजिनला जोडणाऱ्या चपट्या कडेचे, दोन नट सैल केले, तर स्लाइड टपकन खाली गेली! पुन्हा आवळले, पुन्हा अडकली. तीनदा करून पाहिलं.

आपल्या दोघांच्याही गाड्यांना ॲमल कंपनीचा 'कॉन्सेंट्रिक' कार्ब्युरेटर आहे. १९६७ साली आलेल्या त्या कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तशी मऊच. जोडातून हवा ओढली जाते म्हणून मी मागे जरा जाड ओ-रिंग (जोड बंद करणारी रबरी कडी) बसवली होती आणि नट अंगातला जोर लावून पिळले होते. मधे रिंग उंच राहिली, फ्लँजचे नटांकडचे दोन्ही कान इंजिनकडे ओढले गेले आणि गोल बोअर किंचित लांबट झाला. फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधून उजेड दिसत होता.

जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवला, रिंग काढली आणि फ्लँज आठच्या आकड्यासारखा फिरवत सपाट केला. घाई नको यात, दर थोड्या वेळानं पट्टी लावून बघायची. स्लाइडवर जिथे घासल्याच्या चकचकीत खुणा होत्या तेवढ्याच हलक्या हातानं पुसल्या. जास्त घासली तर बाजूनं हवा जाते आणि स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावरचा इंजिनचा वेग, कधीच स्थिर राहत नाही. मग मापाची रिंग, आणि नट आळीपाळीनं थोडे थोडे, दर वेळी स्लाइड सोडून बघत. आता मूठ सोडली की आतून 'टक्' ऐकू येतं. मला फार बरं वाटतं त्या आवाजानं.

तुझ्याकडे मात्र दोष बहुतेक केबलचाच आहे. हँडल वळल्यावर बाहेरचं आवरण ओढलं जातं आणि आतली तार स्लाइड उचलते. केबल टाकीखाली कुठे दबलीय का, एखाद्या पट्टीनं जखडलीय का, की मुळातच आखूड आहे, ते बघ. तारेच्या टोकाच्या मण्याजवळ (निपलजवळ) तिचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी केबल बदल. केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या ॲडजस्टरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील हवीच, पण नुसती ढील वाढवून दोष झाकू नकोस. स्लाइड काढलीसच तर परत घालताना तिची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे येऊ दे.

मग गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव. आवाज तसूभरही बदलता कामा नये. काय झालं ते कळव. तोवर गाडी स्टँडवरून काढू नकोस, एवढं माझं ऐक.

तुझाच,
मित्र